भांडवल दूरचें, धूर जवळचा

धारणीच्या बाजूस राहणाऱ्या वाचकांस ह्या लेखाचें नांव वाचून नवल वाटेल. सिपना नदीच्या कांठीं पहाटे उभें राहिलें असतां जी हवा छातींत जाते, तशी हवा वऱ्हाडांत इतरत्र क्वचितच मिळेल. आपल्या तालुक्यांत मोठें धुराडें नाहीं. तर मग परक्या भांडवलाचा व दूषित हवेचा विचार आपण कशाला करावा, असें कोणी विचारील.

ह्याचें उत्तर आपल्या घरांतच आहे. दिवाळी झाली म्हणजे मेळघाटांतील किती कुटुंबें पोराबाळांसह बोचकीं बांधून खालीं मैदानांत उतरतात, हें प्रत्येक उपदेशकास ठाऊक आहे. कोणी अमरावतीस इमारतीच्या कामावर जातो, कोणी अकोल्याकडे शेतांत राबतो, कोणी वीटभट्टीवर राहतो. आणि होळीच्या सुमारास हीं कुटुंबें माघारीं येतात. त्या महिन्यांत त्यांच्या छातींत जाणारी हवा सिपनेच्या कांठची नसते. केंद्र सरकारनें २०१९ सालीं राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा सरकारी मर्यादेंत बसत नव्हती अशांची एक यादी त्यासाठीं करण्यांत आली, आणि त्या यादींत अमरावती व अकोला हीं दोन्ही नांवें आहेत. शिवाय आपल्या घरांतील दिवा ज्या विजेवर जळतो, ती बहुतांशीं कोठें तरी कोळसा जाळूनच आलेली असते. तेव्हां हा प्रश्न आपलाहि आहे. तो असा: पैसा एका देशांतून यावा, धूर दुसऱ्या देशांत राहावा, आणि नफा पुन्हा पहिल्या देशांत जावा, तर त्या धुराचा जाब कोणीं द्यावा?

प्रथम जवळचें उदाहरण घेऊं. अमरावतीजवळ नांदगांव पेठ येथें कोळशावर चालणारें एक मोठें वीजघर आहे. त्याचे प्रत्येकीं २७० मेगावॉटचे पांच संच असून एकंदर शक्ति १,३५० मेगावॉट आहे. ते २०१३ पासून २०१५ पर्यंत क्रमानें सुरू झाले. इंडियाबुल्स ह्या नांवानें आरंभ झालेली ही कंपनी पुढें रतनइंडिया ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. पाणी अप्पर वर्धा धरणाचें, कोळसा रेल्वेनें दुरून आणलेला, आणि वीज विकत घेण्याचा २५ वर्षांचा करार राज्याच्या वीज वितरण कंपनीशीं, अशी ह्या वीजघराची मांडणी आहे. पुढें त्यावरील कर्ज फिटेनासें झालें. तेव्हां २०१९ सालच्या अखेरीस सुमारें ६,५०० कोटि रुपयांचें कर्ज सुमारें ४,००० कोटींत मिटविण्यांत आलें, आणि तो पैसा उभा करणाऱ्यांत अमेरिकेंतील गोल्डमन सॅक्स व व्हार्डे पार्टनर्स ह्या पेढ्या होत्या. आपल्या देशांतील बँका व वित्तसंस्था ह्यांनीं आपलें कांहीं घेणें सोडून दिलें, आणि त्यांच्या जागीं परदेशी पैसा आला.

ह्या व्यवहारांत बेकायदेशीर असें कांहीं होतें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पण नांदगांव पेठेच्या आसपास गुरें चारणाऱ्या गुराख्यास, किंवा त्या बाजूच्या शेतांत निंदण करणाऱ्या बाईस, आपल्या माथ्यावरील धुराड्यामागचा धनको बदलला ह्याची खबर देणें कोणाच्याहि कर्तव्यांत बसत नव्हतें. आणि त्या धनकोस ह्या माणसांचें तोंड पाहण्याचें कारण नव्हतें. कागदावर एक नांव जाऊन दुसरें आलें. आग, राख व धूर जागच्या जागीं राहिलीं.

आतां हा धूर म्हणजे काय, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. आपल्या देशांतील कोळशांत राखेचा अंश फार. शेंकडा ३० ते ४० पर्यंत असतो. वीजघरांत विजेच्या बळानें राख ओढून धरणारीं यंत्रें असतात, आणि तीं नीट चाललीं तर शेंकडा ९९ हून अधिक राख आंतच अडते. परंतु कोळशांतील गंधकाचा वायु त्या यंत्रांतून निसटतो. त्यास धरण्यासाठीं चुनखडीच्या पाण्यानें धूर धुणारें वेगळें यंत्र लागतें. तें नसलें तर तो वायु आकाशांत जातो व तेथें त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात. असे कण डोक्याच्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनहि बारीक असतात; ते नाकांत अडत नाहींत, फुप्फुसाच्या तळाशीं उतरतात, आणि वाऱ्याबरोबर शेंकडों मैल जाऊं शकतात. धूर डोळ्यांस दिसला नाहीं म्हणजे तो नाहींच, असें समजूं नये. अशा सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा आपल्या देशांत एका घनमीटर हवेंत ४० मायक्रोग्रॅम अशी ठरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ती ५ असावी असा सल्ला दिला.

धूर धुणाऱ्या यंत्रास पैसा लागतो. तें बसविलें तर वीज थोडी महाग होते. न बसविलें तर खर्च टळला असें वाटतें. पण तो टळत नाहीं. तो कारखान्याच्या वहींतून पुसला जातो आणि दम्याच्या औषधांत, बुडालेल्या मजुरींत, लहान मुलाच्या खोकल्यांत, दुसऱ्या कोणाच्या वहींत लिहिला जातो. ज्यास वहीच नाहीं अशा माणसाच्या नांवावर तो सर्वांत जास्त लिहिला जातो. येथें अर्थशास्त्र संपून नीतीचा प्रश्न सुरू होतो.

ह्या प्रश्नास एक उत्तर लोक चटकन देतात. तें असें कीं, परदेशी भांडवलदार मुद्दामच गरीब देशांत येतो, कारण जो धूर त्याच्या देशांत सोडूं देत नाहींत तो येथें सोडतां येतो. ह्या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे. १९९१ सालच्या डिसेंबरांत जागतिक बँकेचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स समर्स ह्यांच्या सहीचें एक अंतर्गत टिपण निघालें व तें पुढें बाहेर फुटलें. त्यांत असा युक्तिवाद होता कीं, आजारानें व मरणानें बुडणारी मिळकत जेथें सर्वांत थोडी, तेथें घाण करणारे धंदे नेणें हिशेबाच्या दृष्टीनें फायद्याचें आहे. हें उपरोधानें लिहिलें होतें, असा खुलासा मागाहून करण्यांत आला. उपरोध असो वा नसो, एक गोष्ट त्यानें उघडी केली. माणसाची किंमत त्याच्या मजुरीनेंच मोजूं लागलें, तर धारणीच्या मजुराचें फुप्फुस न्यूयॉर्कच्या सावकाराच्या फुप्फुसापेक्षां स्वस्त ठरतें. ही चूक बेरजेची नव्हे. ती मापाची आहे.

असें माप लावलें म्हणजे काय होतें, हें पाहावयास फार दूर जावें लागत नाहीं. सातपुडा व नर्मदा ओलांडून उत्तरेस गेलें कीं भोपाळ लागतें. १९८४ सालच्या डिसेंबरच्या २ व ३ तारखांच्या मधल्या रात्रीं तेथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यांतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायु सुटला आणि हजारों माणसें प्राणांस मुकलीं. कारखाना चालविणाऱ्या कंपनीचे शेंकडा ५०.९ भाग अमेरिकेंतील मूळ कंपनीच्या हातीं होते. तें रसायन थंड ठेवणारें यंत्र त्या वेळीं बंद ठेविलेलें होतें, आणि सुटलेला वायु जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठीं निकामी होता. १९८९ सालीं ४७ कोटि डॉलरांवर तडजोड झाली. मूळ कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन जामिनावर सुटून आपल्या देशीं गेले, ते येथील न्यायासनापुढें कधींच उभे राहिले नाहींत, व २०१४ सालीं वारले. कारखान्याच्या आवारांत सांठवून ठेविलेला सुमारें ३३७ टन विषारी कचरा तेथून हलविण्यास २०२५ साल उजाडावें लागलें. नफ्यावरचा हक्क समुद्रापार सहज पोहोंचत होता; जबाबदारीस मात्र तो समुद्र ओलांडवला नाहीं.

तथापि एवढ्यावर थांबणें न्यायाचें होणार नाहीं. परका पैसा म्हणजे काळा धूर आणि स्वदेशी पैसा म्हणजे स्वच्छ हवा, असें असतें तर उपाय सोपा होता. परंतु मुंबईच्या कापडगिरण्यांत मोठा पैसा देशी धनिकांचाच होता. तरी १९१२ सालीं त्या शहराच्या धुराच्या उपद्रवासाठीं खास कायदा करावा लागला. चंद्रपूरचें २,९२० मेगावॉटचें प्रचंड वीजघर आणि आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यांतील पारसचें वीजघर हीं राज्यसरकारच्या मालकीच्या कंपनीचीं आहेत. तेथें कोणी परका भागीदार नाहीं, आणि कोळसा तरी कोळशासारखाच जळतो.

उलट बाजूसहि पुरावा आहे. परदेशी कारखानदार पुष्कळदां अधिक चांगलें यंत्र व अधिक कडक शिस्त बरोबर घेऊन येतो. सूर्यप्रकाशावर वीज करणाऱ्या कामांत आपल्या देशांत बराच परदेशी पैसा आला आहे, आणि त्या विजेस धुराडें लागत नाहीं. मोटारगाड्यांच्या धुराचा कडक नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाला. तेव्हां चौथ्या पायरीवरून एकदम सहाव्या पायरीवर जाणें देशी व परदेशी, दोन्ही कारखानदारांस भाग पडलें, आणि तें त्यांना साधलें. अर्थशास्त्रज्ञांनीं ह्या विषयाचा पुष्कळ शोध केला आहे. त्यांतून असें दिसतें कीं, धूर आवरण्याचा खर्च बहुतेक धंद्यांत एकंदर खर्चाचा लहानसा भाग असतो, म्हणून केवळ तेवढ्यासाठीं कारखाने देश सोडून क्वचित जातात. रस्ता, बंदर, बाजार व मजूर पाहून ते जागा निवडतात. पण एकदां आल्यावर मात्र तेथील कायदा जितकें करावयास लावील तितकेंच बहुधा करतात. पाणी जसें भांड्याचा आकार घेतें, तसें भांडवल देशाच्या कायद्याचा आकार घेतें. म्हणून भांडें कसें आहे तें पाहिलें पाहिजे.

आपल्याकडे हवेच्या रक्षणाचा कायदा १९८१ सालीं झाला, आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ सालीं पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा झाला. २०१५ सालच्या डिसेंबरांत सरकारनें कोळशाच्या वीजघरांतून निघणाऱ्या गंधकवायूस मर्यादा घातली व दोन वर्षांत ती पाळावी असें ठरविलें. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली. आणि २०२५ सालच्या जुलैंत देशांतील सुमारें शेंकडा ७८ संचांस धूर धुणारें यंत्र बसविण्याच्या सक्तींतून सूट मिळाली. आपल्या कोळशांत गंधक कमी आहे, हवेंतील गंधकवायु मर्यादेंत आहे, आणि यंत्रांमुळें वीज महाग होईल, असें सरकारचें म्हणणें आहे. वीज महाग होण्याची भीति खोटी नव्हे. परंतु वायु मोजणीच्या ठिकाणीं कमी दिसला, तरी त्याचे झालेले कण पुढच्या जिल्ह्यांत कोणाच्या तरी छातींत गेलेले असतात, हें वर सांगितलेंच आहे. आणि ही सूट कोणा परक्यानें दिलेली नाहीं. आपण निवडलेल्या सरकारनें दिली आहे. भांड्यास भोंक आपल्याच हातानें पाडलें, तर पाण्यास दोष देऊन काय उपयोग?

असें कां होतें, ह्याचें एक कारण जुनें आहे. वऱ्हाडचा कापूस बंदरावर नेणारी जी. आय. पी. रेल्वे इंग्रज भागीदारांच्या पैशानें बांधली गेली. पण त्या पैशावर शेंकडा ५ व्याजाची हमी सरकारनें दिली होती, आणि तूट पडली तर ती येथील रयतेच्या करांतून भरावयाची होती. सव्वाशें वर्षांहून अधिक काळानें कोंकणांत दाभोळ येथें तोच प्रकार नव्या रूपांत घडला. अमेरिकेंतील एन्रॉन कंपनीशीं १९९३ सालीं वीजखरेदीचा करार झाला. राज्यसरकारनें हमी व केंद्रसरकारनें प्रतिहमी दिली. ७४० मेगावॉटचा पहिला भाग १९९९ सालीं नॅफ्थ्यावर सुरू झाला. वीज इतकी महाग पडली कीं २००१ सालीं मंडळानें ती घेणें थांबविलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एन्रॉनचेंच दिवाळें निघालें. ह्यांतला बोध केवळ पैशाचा नाहीं. जें सरकार नफ्याचें जामीन राहतें, त्यास धुराचा न्यायाधीश होणें जड जातें. कारण भट्टी बंद ठेवण्याचा हुकूम त्यानें काढला, तरी भट्टीचे पैसे त्यालाच भरावे लागतात.

मग पैसा देणारा दूरचा धनको सुटला काय? ह्या प्रश्नाचा निवाडा मागण्यासाठीं गुजराथेंतील मुंद्र्याचे कोळी व शेतकरी थेट अमेरिकेच्या न्यायालयांत गेले. मुंद्रा येथील टाटांच्या ४,००० मेगावॉटच्या कोळशाच्या वीजघरास जागतिक बँकेच्या गटांतील आंतरराष्ट्रीय वित्त निगम ह्या संस्थेनें २००८ सालीं ४५ कोटि डॉलरांचें कर्ज मंजूर केलें होतें. कोळशाची धूळ व राख वाळत घातलेल्या मासळीवर पडते, आणि समुद्रांत सोडलेल्या ऊन पाण्यानें मासे दूर जातात, अशी त्या लोकांची तक्रार होती. आम्ही आंतरराष्ट्रीय संस्था आहों, आमच्यावर फिर्यादच चालूं शकत नाहीं, असें संस्थेचें म्हणणें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २७ फेब्रुवारी २०१९ रोजीं असा निर्णय दिला कीं, अशा संस्थांस संपूर्ण संरक्षण नाहीं. पुढें खालच्या न्यायालयांनीं निराळ्या कारणावरून ती फिर्याद काढून टाकली, व कोळ्यांस भरपाई मिळाली नाहीं. तरी एक दार किलकिलें झालें: कर्ज देणारा आपण केवळ पैसा दिला असें म्हणून नेहमीं हात झाडूं शकेल, ही खात्री आतां राहिली नाहीं. आणि वाचकांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. त्या वीजघराच्या गिऱ्हाइकांत आपलें महाराष्ट्र राज्यहि होतें. ज्या विजेवर आपले दिवे जळले, तिची राख मुंद्र्याच्या मासळीवर पडत होती अशी तिकडची तक्रार होती. तेव्हां ह्या साखळींत आपण फक्त सोसणारे नाहीं. कोठें कोठें आपणच दूरचे उपभोगणारे आहों.

येथें एखादा मजूर बंधु म्हणेल, “मास्तर, आधीं पोट भरूं द्या, मग छातीचें पाहूं.” ह्या बोलण्यास हलकें लेखूं नये. ज्याच्या झोंपडींत वीज नाहीं व हातास काम नाहीं, त्यास शुद्ध हवेवर व्याख्यान देणें सोपें आहे. मोठमोठे पंडितहि असें म्हणत आले आहेत कीं, देश आधीं श्रीमंत होतो, धूर वाढतो, आणि मग पैसा आल्यावर धूर कमी होतो. कांहीं श्रीमंत देशांत तसें घडलेंहि. पण तें आपोआप घडलें नाहीं. लोकांनीं मागितलें, कायदे केले, तेव्हां घडलें. आणि दुसरें असें कीं, देश थांबूं शकतो, मूल थांबूं शकत नाहीं. ज्या पोरीचें फुप्फुस तिच्या चवथ्या वर्षीं दुबळें झालें, तिला देश तीस वर्षांनीं श्रीमंत झाल्यावर तें बदलून मिळत नाहीं. पोट आणि छाती एकाच देहांत आहेत. एकाच्या भाकरीसाठीं दुसऱ्याचा श्वास गहाण टाकण्याचा अधिकार कोणास नाहीं. आणि बहुतेक वेळीं तसें टाकण्याची गरजहि नसते, कारण धूर आवरण्याचा खर्च नफ्याच्या व दराच्या मानानें थोडा असतो. प्रश्न एवढाच असतो कीं, तो थोडा खर्च कोणाच्या खिशांतून जावा.

दुसऱ्याच्या धुराकडे बोट दाखवितांना आपल्या चुलीकडेहि पाहिलें पाहिजे. ओल्या लाकडाच्या धुरांत बसून आपल्या आयाबहिणी रोज दोन वेळां भाकर करतात. घरांतील अशा धुरानें जगांत वर्षास सुमारें ३२ लाख माणसें मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गॅस देण्याची उज्ज्वला योजना २०१६ सालीं सुरू झाली. पण टांकी पुन्हा भरून आणण्यास पैसा नसला म्हणजे ती कोपऱ्यांत उभी राहते, आणि चूल पुन्हा पेटते. चैत्राच्या सुमारास मोहाचीं फुलें वेचणें सोपें व्हावें म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि ती आग कधीं कधीं रानभर पसरते. हा धूर आपला आहे. ह्याचा जाब न्यूयॉर्कचा सावकार देणार नाहीं. परंतु दोन धुरांत एक भेद आहे तोहि विसरूं नये: चुलीजवळ बसणारी बाई स्वतःच तो धूर गिळते, भांडवलाचा धूर मात्र तो ठरविणाऱ्याच्या नाकास कधीं लागत नाहीं. ज्यानें निर्णय घ्यावा त्यानें त्याचा परिणामहि भोगावा, ही साधी गोष्ट जेथें तुटते, तेथें अन्यायास वाट मिळते.

तर मग धारणीच्या माणसानें काय करावें? पहिलें, आपला हक्क जाणावा. कोळशाच्या मोठ्या वीजघरासारख्या कामास परवानगी देण्यापूर्वीं, २००६ सालच्या अधिसूचनेप्रमाणें, सामान्यतः त्या जिल्ह्यांत जाहीर जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना ३० दिवस आधीं द्यावी लागते, कामाच्या परिणामांचा सारांश लोकांच्या भाषेंत ठेवावा लागतो, आणि उठून बोलणाऱ्याचें म्हणणें लिहून घ्यावें लागतें. धारणी व चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रांत असल्यामुळें १९९६ सालच्या पेसा कायद्याप्रमाणें जमीन घेण्यापूर्वीं लोकांचा विचार घेणें भाग आहे. ज्यास वाचतां येतें त्यानें असे कागद ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्या ओट्यावर बसून वाचून दाखवावेत. दुसरें, सुनावणींत तीन प्रश्न निर्भयपणें विचारावे: पैसा कोणाचा आहे, राख व वायु धरण्याचें यंत्र कोणतें आहे, आणि तें बंद पडलें तर कोणास कळवावयाचें? तीनहि उत्तरें सही करून मागावीं. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा ह्या कामीं उपयोगी पडतो. तिसरें, जे बंधुभगिनी खालीं वीटभट्टीवर किंवा इमारतीच्या कामावर जातात, ते परत आल्यावर त्यांची विचारपूस करतांना मजुरी किती मिळाली एवढेंच विचारूं नये.

होळीच्या दिवसांत घरोघर माणसें परत येतात. आल्यागेल्याचें स्वागत होतें, कपडे व भांडीं दाखविलीं जातात. त्या गर्दींत एखादें पोर भिंतीस टेकून खोकत बसलेलें असलें, तर त्याच्या आईजवळ थोडें थांबावें. तुम्ही कोठें राहत होतां, भट्टी किती जवळ होती, रात्रीं श्वास लागतो काय, हें विचारावें, आणि दवाखान्यांत तिच्याबरोबर जावें. ज्याच्या पैशानें तो धूर उठला त्यास हें पोर ठाऊक नाहीं. आपल्याला तें ठाऊक आहे. आणि जाब मागण्याची सुरुवात ठाऊक असलेल्यानेंच करावयाची असते.